डब्यावर सहा हजार, टाकीत चोवीसशे: मोठ्या फिश टँकच्या पाण्याचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोलणं आहे तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि खोकला काढलाय.)

 

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. शहाद्याहून आपल्या एका श्रोत्याने पाठवलाय. घरचं कृषी केंद्र आहे, आणि दुकानात समोरच त्याने सहा फुटांचा फिश टँक बसवलाय. लांबी सहा फूट, रुंदी अडीच, उंची अडीच. खाली फिल्टरची वेगळी काचेची टाकी, आणि पंप ताशी सहा हजार लिटरचा. त्याची तक्रार तीन वाक्यांत सांगतो. एक, एवढा मोठा पंप असूनही तळाला घाण साचते आणि पाणी गढूळ दिसतं. दोन, सकाळी दुकान उघडलं की मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. तीन, मागच्या आठवड्यात रात्री लाईट गेली आणि सकाळी दुकानात पाणीच पाणी, खाली ठेवलेल्या बियाण्याच्या दोन बॅगा भिजल्या. आता वडील म्हणतायत, आखाजीच्या आत हे सगळं विकून टाक. पोरगा म्हणतो, दादा, अजून मोठा पंप घेऊ का?

नको. थांब. मोठा पंप घेतलास तर चौथी तक्रार तयार होईल.

आता तुमच्यापैकी निम्मे म्हणतील, आमच्याकडे कुठे सहा फुटांचा टँक आहे. ठीक आहे. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हे गणित कोणालाच परकं नाही. शहादा-तळोदा पट्ट्यात केळी, पपई, ऊस, सगळं ड्रिपवर. मोटर, हेड, सबमेन, सँड फिल्टर हे शब्द घराघरात आहेत. फिश टँकचं फिल्टर म्हणजे तेच सगळं, फक्त लहान करून काचेत बसवलेलं. फरक एवढाच की ड्रिपचं पाणी परत येत नाही, आणि इथे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं आहे.

आधी टाकीत पाणी किती ते काढू. सहा गुणिले अडीच गुणिले अडीच, साडेसदतीस घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण १०६० लिटर. वरची मोकळी जागा, दगड, वाळू वजा करा आणि खालच्या टाकीतलं पाणी मिळवा. आपण सरळ हजार लिटर धरू. हजार लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचंच एक टन वजन, वर काच आणि दगड वेगळे. माडीवर ठेवणाऱ्यांनी हे वाक्य परत ऐकावं.

खालच्या टाकीला सगळे सम्प म्हणतात. एसटीचा संप नव्हे. वरच्या टाकीचं पाणी काठावरून सांडतं, पाइपातून खाली सम्पमध्ये येतं, तिथे स्पंज आणि बाकी मीडियातून जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. त्याला रिटर्न पंप म्हणतात. वर जाताना मोटरचा जोर आहे. खाली येताना फक्त उतार. हे डोक्यात ठेवा, सगळी गोष्ट इथेच अडते.

आता पंपाचा डबा हातात घ्या. त्यावर दोन आकडे असतात. एक, ताशी लिटर: ६०००. दुसरा, एच-मॅक्स, समजा ४ मीटर. दुकानदार पहिला आकडा दाखवतो. दुसरा आकडा सांगतो की चार मीटर उंचीवर हा पंप एक थेंबही देणार नाही. आणि पहिला आकडा सांगतो की शून्य उंचीवर, पाइप न लावता, तो सहा हजार देईल. म्हणजे सहा हजार हा आकडा कोणाच्याही टाकीत कधीच येत नाही. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो पंप एकटा ठरवत नाही. तुमचा पाइप ठरवतो.

विहिरीवर मोटर घेताना आपले वडील काय विचारतात? एचपी नंतर, आधी विचारतात, पाणी किती फूट फेकते. तोच प्रश्न इथे विचारायचा. उंची मोजायची ती सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. पंप कुठे ठेवलाय तिथून नाही. आपल्या या श्रोत्याच्या मांडणीत ती साधारण चार फूट, सव्वा मीटर येते. चार मीटरच्या पंपाला सव्वा मीटर काय जड? एवढंच असतं तर काही नव्हतं.

पण त्याने पाइप लावलाय २५ मिलिमीटरचा, आपला एक इंची म्हणतात तो, आणि पाच एल्बो. पाइपाची भिंत सोडली तर आतली पोकळी जेमतेम २१ मिलिमीटर. त्यातून ताशी तीन हजार लिटर ढकलायचे तर पाणी सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर वेगाने पळायला लागतं. तेवढ्या वेगाला एक मीटर सरळ पाइप सुमारे ३० सेंटिमीटर हेड खातो. आणि एकेक काटकोनी एल्बो पाव मीटर. पाच एल्बो म्हणजे सव्वा मीटर. म्हणजे या पाच एल्बोंनी त्याच्यासाठी अजून चार फूट खोल विहीर खणून ठेवली! दिसत नाही, पण पंपाला ती उचलावी लागते.

चाळीस मिलिमीटरचा पाइप घेतला, त्याची पोकळी साधारण ३६, तर तेवढ्याच पाण्याला एका मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर हेड जातं. तीसच्या जागी अडीच. ढोबळ नियम असा की पाण्याचा लोट तेवढाच ठेवून पाइपाचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाने जाणारं हेड तीस पटींच्या आसपास वाढतं. दुप्पट नाही, चौपट नाही, तीस पट. हे कळल्यावर मला तरी पाइपात पैसे वाचवणाऱ्यांची गंमत वाटायला लागली. पंपाला पाच-सात हजार देतात आणि पाइपात शंभर रुपये वाचवतात.

बरं, त्याच्या टाकीत खरं पाणी किती येतंय? त्यासाठी मीटर नको. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. बादलीवरच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, लिटरच्या बाटलीने दहा वेळा भरून मार्करने स्वतः रेघ मारा. मग रिटर्नचं तोंड टाकीबाहेर वळवून बादलीत सोडायचं आणि भरायला किती सेकंद लागले ते बघायचं. एक काळजी घ्या, बादली टाकीच्या काठाच्या उंचीला, स्टुलावर नाहीतर घोड्यावर ठेवा. पाइप खाली आणून जमिनीवर मोजलंत तर उंची कमी होते आणि आकडा फुगतो. तीन वेळा मोजा. मग छत्तीस हजार भागिले सेकंद. झाले ताशी लिटर.

त्याला मी हे करायला सांगितलं. पंधरा सेकंद आले. छत्तीस हजार भागिले पंधरा, २४००. डब्यावर सहा हजार, टाकीत चोवीसशे. पंपात बिघाड नाही, दुकानदाराने फसवलं नाही. उंची आणि पाइप मिळून बाकीचं खाऊन बसले.

आता साहजिक मोह होतो की पाइप मोठा करू आणि मोकळे होऊ. मोठा पाइप लावला तर त्याच पंपातून साडेतीन हजारांच्या पुढे पाणी मिळावं, हिशोब तसा सांगतो. पण थांबा, ते साडेतीन हजार खाली येणार कसे?

पावसाळ्यात सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजे उघडतात तेव्हा बघितलंय ना? वरून किती पाणी येणार हे तापी ठरवते. आपण ठरवतो ते एवढंच, की खाली सोडायची वाट किती मोठी ठेवायची. आणि ती आधी बांधावी लागते, पूर आल्यावर नाही. टँकमध्येही असंच. पंप जोर लावून पाणी बारीक पाइपातूनही वर घालेल, रडत का होईना. खाली येणाऱ्या पाण्याला कोणी ढकलत नाही. म्हणून मोठ्या टँकची आखणी मी नेहमी खाली येणाऱ्या पाइपापासून सुरू करा म्हणतो, पंपापासून नाही. एक इंची उतरता पाइप आवाज न करता ताशी दोन-सव्वादोन हजार लिटर नेतो. दीड इंची साधारण पाच हजार. हे ढोबळ आकडे आहेत, पण यांच्या आत राहिलात तर झोप लागते. या श्रोत्याचा उतरता पाइप एक इंची आहे आणि त्यातून चोवीसशे जातायत. म्हणजे तो आत्ताच काठावर उभा आहे. त्याने मेसेजमध्ये सांगितलं नव्हतं, पण मी विचारलं, पाइप घोरल्यासारखा आवाज करतो का? म्हणाला, दादा, गिऱ्हाईक विचारतात आत काय उकळतंय.

तो आवाज हवेचा असतो. पाइप भरत आला की पाणी हवा ओढतं, सोडतं, परत ओढतं. यावर चांगला उपाय म्हणजे दोन उतरते पाइप. पहिला पाण्याने पूर्ण भरून चालतो, त्यात हवाच नाही, म्हणून आवाज नाही. त्यावर एक गेट व्हॉल्व्ह लावून तो बारीक जुळवायचा. बॉल व्हॉल्व्ह नको, तो केसभर फिरवला तरी जास्त होतो. दुसरा पाइप थोडा उंच, मोकळा, कोरडा, त्याला व्हॉल्व्ह अजिबात नाही. पहिल्यात पान अडकलं, गोगलगाय बसली, तर पाणी चढून दुसऱ्यातून जातं. त्या दुसऱ्याला कोणी कधी व्हॉल्व्ह लावू नका, कितीही नीटनेटकं दिसत असलं तरी.

काठावरून पाणी सांडतं त्या जागेला इंग्रजीत काहीही म्हणोत, आपल्याकडे धरणामुळे छान शब्द आहे, सांडवा. सांडवा जितका रुंद तितका वरून जाणारा थर पातळ. पातळ थर हवा, कारण पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट साय जमते, आणि ती खाली खेचली गेली तरच हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट उतरतो. कोपऱ्यात चार इंचाचा सांडवा आणि एका बाजूने दोन फुटांचा सांडवा, पाणी तेवढंच, पण साय काढण्यात फरक पडतो.

इथे जरा मुंबईला जाऊ. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेलं. २०१५ मध्ये नूतनीकरण करून परत उघडलं तेव्हा बारा फुटांचा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा केला, डोक्यावरून मासे जायचे तो. लोक काचेकडे बघायचे. पण मत्स्यालयाचं खरं काम काचेच्या मागे असतं, तिथे पाइप, पंप आणि वाळूचे फिल्टर. आणि त्यांच्या दारात समुद्र आहे.

समुद्र दारात असणं किती उपयोगाचं, याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत कॅलिफोर्नियाला आहे, माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम, १९८४ ला उघडलं. ते खाडीतून मिनिटाला सुमारे साडेसात हजार लिटरपर्यंत समुद्राचं पाणी आत घेतात. मिनिटाला, तासाला नाही! दिवसा गाळून घेतात, कारण लोकांना मासे दिसायला हवेत. रात्री मात्र न गाळता सोडतात, कारण त्या कच्च्या पाण्यातले बारीक जीव हे आतल्या प्राण्यांचं जेवण. त्यांच्या केल्प नावाच्या समुद्री शेवाळाच्या टाकीत एक यंत्र सतत लाट मारत असतं, कारण ती वनस्पती स्थिर पाण्यात जगत नाही. म्हणजे एकाच इमारतीत फिल्टरचं पाणी वेगळं मोजलंय, जेवणाचं वेगळं, आणि हालचालीचं वेगळं.

आपल्याकडे समुद्र नाही. आपल्याकडे बोअर आहे, आणि मे महिन्यात तोही दम टाकतो. धडगावकडच्या पाड्यांवर बाया डोक्यावर पाणी आणतात त्या जिल्ह्यात आपण शोभेसाठी हजार लिटर भरतोय, याचं भान मला तरी असतं. म्हणून इथे पाणी फेकून चालत नाही, फिरवावंच लागतं. आठवड्याला पाचवा भाग बदलला तर दोनशे लिटर निघतात. ते गटारात सोडू नका. त्यात नायट्रेट असतं, झाडांना चालतं. परसातल्या पपईला घाला, टाकी गोड्या पाण्याची असेल तर.

मग किती फिरवायचं? बाजारात कोणी म्हणतं ताशी दहा पट. हजार लिटरला दहा हजार. मला ही घाई पटत नाही. माझं मत असं, की गोड्या पाण्याच्या टाकीत मासे बेताचे असतील तर सम्पमधून ताशी तीन-चार पट पाणी गेलं की भागतं. तीन-साडेतीन हजार. टाकीच्या आतली हालचाल वाढवायची असेल तर आत वेगळा वेव्हमेकर लावा. त्याला पाणी चढवायचं नसतं, फक्त ढवळायचं असतं, म्हणून तो थोड्या वॅटमध्ये खूप पाणी हलवतो. फिल्टरचं काम आणि ढवळण्याचं काम एकाच पंपाकडून करून घ्यायला गेलात की दोन्ही बिघडतात.

का, ते सम्पमध्ये बघा. पाणी पहिल्यांदा पडतं त्या कप्प्यात ते शांत हवं, म्हणजे जड घाण खाली बसेल. तिथे धो धो ओतलं तर घाण बसतच नाही, पुढे जाते. मग स्पंज. स्पंजमधून सगळं पाणी गेलं पाहिजे. पण पाणी आळशी असतं, सोपी वाट शोधतं. स्पंज काचेला घट्ट नसेल, कडेने बोटभर फट असेल, तर ते फटीतून निघून जातं आणि स्पंज छान स्वच्छ राहतो. तुमचा स्पंज महिनाभर स्वच्छ दिसतोय आणि टाकी गढूळ, तर समजा पाणी बाजूने जातंय. या श्रोत्याकडे हेच होतं, फोटो मागवल्यावर दिसलं. त्याच्या गढूळपणाचा पंपाशी संबंधच नव्हता.

आणि स्पंज भरत गेला की काय होतं हे ड्रिपवाल्यांना सांगायला नको. सँड फिल्टरच्या आधी एक गेज, नंतर एक गेज. दोघांतला फरक वाढला की बॅकवॉश. सम्पमध्ये गेज नसतो, पण पाण्याची पातळी तेच सांगते. स्पंजच्या आधीच्या कप्प्यात पाणी चढायला लागलं, नंतरच्यात उतरलं, की धुवायची वेळ. धुताना टाकीचंच पाणी बादलीत काढून त्यात पिळा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धरलात तर जीवाणू मरतात.

हे जीवाणूच खरे कामगार. माशांच्या विष्ठेतून आणि गिल्समधून अमोनिया निघतो, तो विषारी. जीवाणूंचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, तोही विषारी. दुसरा गट नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य. लोक मला विचारतात, पाणी फार वेगाने गेलं तर जीवाणूंना वेळ मिळत नाही ना? तसं नाही. वेगाने गेलं तर एका फेरीत थोडं काम होतं, पण फेऱ्या जास्त होतात. शेवटी हिशोब जवळपास तोच. जीवाणूंना ऑक्सिजन असलेलं पाणी सतत मिळायला हवं, बंद पडता कामा नये. मात्र यूव्हीचा दिवा लावला असेल तर तिथे खरंच हळू हवं, कारण तिथे पाण्यावर उजेड किती वेळ पडला यावर सगळं आहे. त्याच्या डब्यावर प्रवाहाची मर्यादा लिहिलेली असते. मुख्य पाइपाला एक फाटा काढून तेवढंच पाणी त्यातून न्या.

प्रवाह कमी करायचा असला तर व्हॉल्व्ह नेहमी पंपाच्या पुढे, डिलिव्हरीला. सक्शनची बाजू आवळायची नाही, पंप उपाशी राहतो आणि हवा करतो. हेही शेतावर माहीत असलेलंच.

आता टाकीच्या आत. रिटर्नचं एकच तोंड एका कोपऱ्यात सोडलं तर समोरच्या खालच्या कोपऱ्यात पाणी मेल्यासारखं पडून राहतं. तिथेच घाण साचते. चिमूटभर खाद्य पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा, दाणे कुठे जाऊन बसतात. जिथे बसतात तिथे प्रवाह नाही. मग तोंड दोन करा, नाहीतर वेव्हमेकर तिकडे वळवा. मासेही सांगतात. वाहत्या पाण्यातला मासा प्रवाहाकडे तोंड करून आरामात पोहतो. एंजलसारखा चपटा, रुंद पंखांचा मासा कोपऱ्यात जाऊन दगडामागे लपत असेल, खायलाही बाहेर येत नसेल, तर त्याला वारं लागतंय. सगळ्यांना एकच वेग मानवत नाही. टाकीत एक जोरदार बाजू आणि एक शांत बाजू ठेवा, मासे आपली जागा निवडतात.

सकाळी मासे वर येतात, तो ऑक्सिजनचा प्रश्न. वीस अंश तापमानाच्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे मावतो. बत्तीस अंशांना सव्वासातच्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद दुकानात रात्रभर पाणी किती तापतं विचार करा. पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि गरम पाण्यात माशांना तो जास्त लागतो. शिवाय टाकीत झाडं असतील तर रात्री तीही ऑक्सिजन घेतात. म्हणून पहाटे सगळ्यात वाईट वेळ. यावर फेऱ्या वाढवून फार फायदा नाही. पृष्ठभाग हलला पाहिजे. रिटर्नचं तोंड थोडं वर वळवा, पाण्यावर तरंग उठू द्या. एवढ्याने बराच फरक पडतो.

राहिली लाईट. लाईट गेली की पंप थांबतो, आणि रिटर्नचा पाइप उलटा चालू होतो. नळीने ट्रॅक्टरमधून डिझेल काढतात तसं वरचं पाणी खाली ओढलं जातं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. सहा बाय अडीच फुटांच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की १४ लिटर जातात. त्याचं रिटर्नचं तोंड पाण्याखाली दहा सेंटिमीटर होतं, चांगलं दिसतं म्हणून. दहा गुणिले चौदा, १४० लिटर खाली. सम्पमध्ये मोकळी जागा साठ लिटरची. उरलेले ऐंशी लिटर बियाण्याच्या बॅगांकडे. इतकं सरळ गणित आहे.

तोंड पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटरवर आणलं तर फक्त २८ लिटर येतात, वर सांडव्यावरचा आणि पाइपातला थोडासा. पाण्याच्या पातळीला लागून पाइपाला एक बारीक भोक पाडतात, त्यातून हवा घुसते आणि ओढ तुटते. पण ते भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला काडीने साफ करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात एक कचरा अडकला की तो नावापुरता उरतो.

उलटा अपघातही असतो. वरचा सांडवा बुजला आणि पंप चालूच राहिला, तर पंप शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर ओततो. म्हणून तो कप्पा लहान ठेवा. वर पाच सेंटिमीटर मोकळं असेल तर टाकी ७० लिटर जास्तीचं झेलते. शेवटच्या कप्प्यात साठ लिटर असतील, तर कप्पा रिकामा होईल, पंप कोरडा ओरडेल, पण फरशी कोरडी राहील. मात्र उन्हाळ्यात बाष्प झालेलं पाणी याच कप्प्यातून कमी होतं, त्यामुळे तिथे रोज लक्ष ठेवावं लागतं. सम्पच्या काचेवर मार्करने दोन रेघा मारा, पंप चालू असताना याच्या वर भरायचं नाही आणि याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आणि नुसतं बोअरचं पाणी घालत राहिलात तर क्षार साठत जातात, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षारांची नाही. भर घालायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

ज्यांना हौसेसाठी नाही, धंद्यासाठी टाक्या टाकायच्यात, त्यांच्यासाठी एक वाक्य. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० ला आली तेव्हापासून आरएएस, म्हणजे पाणी फिरवून दाटीने मासे वाढवण्याची चर्चा गावोगाव आहे. गणित हेच, पण दाटी इतकी की पाणी आणि हवा थांबली तर अर्ध्या-एक तासातही माल जाऊ शकतो. अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी सरदार सरोवरात मासे धरणाऱ्याला पाणी फिरवायची चिंता नाही, ते काम नदी करते. तुम्ही ते काम विजेवर घेताय. अनुदानाच्या आधी जनरेटरचा हिशोब करा.

घरच्या टाकीला एवढं नको. बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप, लाईट गेली की आपोआप चालू होणारा, पुरतो. आणि बंद डब्याचं कॅनिस्टर फिल्टर वापरत असाल तर लाईट चार-पाच तास गेल्यावर ते थेट सुरू होऊ देऊ नका. आतला ऑक्सिजन संपून जीवाणू मरायला लागलेले असतात, ते सडकं पाणी टाकीत जातं. उघडा, धुवा, मग लावा.

विजेचं बोलतोच आहोत तर, विहिरीची नाहीतर टिल्लू मोटर टँकला लावू का, हा प्रश्न दर महिन्याला येतो. नाही. ती चोवीस तास चालायला बनलेली नसते, तापते, आणि एक एचपी म्हणजे दिवसाला अठरा युनिट. चाळीस वॅटचा साधा पंप दिवसाला एक युनिट खातो. वायर टाकीतून सरळ बोर्डाला न नेता आधी खाली लोंबती वळवा, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात जाणार नाही. ईएलसीबी बसवा. हात पाण्यात घालण्याआधी पिन काढा, रोज, न चुकता.

शहाद्याच्या मित्राला मी क्रम असा दिलाय: आधी स्पंजची फट बंद कर, रिटर्नचं तोंड वर आण, हे आज संध्याकाळी, फुकट. मग दुसरा उतरता पाइप, दीड इंची. त्यानंतरच वर जाणारा पाइप चाळीसचा आणि एल्बोच्या जागी लांब बेंड. पंप तोच.

आणि बाकीच्यांनी आजच एक करून बघा. दुकान उघडं असताना, दिवसाढवळ्या, सम्पशेजारी उभं राहून पंपाची पिन काढा. पाणी चढेल ते बघत राहा, थांबेल तिथे रेघ मारा. काठाच्या वर जातंय असं वाटलं तर लगेच पिन परत लावा आणि सम्पमधून दोन बादल्या पाणी काढून पुन्हा करा. मग दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले, पाइप किती इंची, एल्बो किती, एवढं मला व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या चार-पाच टाक्या घेऊन बसू.